चॅपलच्या भिंतीवरचा शुक्रवार

आठवड्यातले सहा दिवस लाय-क्वान आणि तिचा नवरा याउ-शिंग वेल्सच्या खोऱ्यातल्या कुमबेडू गावाच्या उतारावरच्या आपल्या चिनी खाण्याच्या दुकानात उभी असतात, ती काउंटरपुढे आणि तो आत तळणीपुढे. मंगळवारी दुकान बंद. त्या दिवशी गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसायचं, मुलगी दूर राहायला गेल्यापासून तिला फोन करायचा आणि दिवेलागणीनंतर लगेच आडवं व्हायचं, हा तेहेतीस वर्षांचा नेम. गेल्या सप्टेंबरपासून मात्र तिचा मंगळवार हातचा गेला. आमच्या काउंटीच्या कला खात्याला वेल्श आणि चिनी संस्कृतींच्या देवाणघेवाणीचा सोहळा करायचा होता. संगणकावर हलती चित्रं करायची आणि मोठ्या प्रोजेक्टरने ती एखाद्या इमारतीच्या भिंतीवर पाडायची, आवाजासकट. ते काम कुणाला द्यायचं हे ठरवायला समिती नेमली, आणि समितीवर चिनी समाजाचं कोणीतरी हवं म्हणून स्वान्सीच्या चिनी संघटनेच्या अध्यक्षांनी लाय-क्वानचं नाव परस्पर देऊन टाकलं. त्यांना बाकीच्यांनी नकार कळवला होता. हिने कुणाला कधी नाही म्हटलेलं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

ते खरंच होतं. एकसष्ट वर्षांची बाई, पण नाही हा शब्द तिच्या तोंडात बसतच नसे. काउंटरमागे जन्म काढलेल्या माणसाचं असंच होतं. समोरचा म्हणाला व्हिनेगर जास्त, हो. म्हणाला मागच्या वेळी रस्सा पातळ होता, हो, सॉरी. एखादा टगा हिच्या बोलण्याची नक्कल करून दाखवायचा, त्यालाही हो, आणि वर सुटे पैसे. ऐकायच्या आधीच मान हलायची. म्हणून समितीच्या बैठकांतही ती सगळ्यांना फार आवडायची.

बैठका मंगळवारी लायब्ररीत व्हायच्या, रेडिएटर बंद असलेल्या खोलीत. तीन प्रस्ताव आले होते. पहिल्यात दोन ड्रॅगन, वेल्सचा लाल आणि चीनचा पिवळा, शेवटी दोघांची गळाभेट. दुसऱ्यातही दोन ड्रॅगन, फक्त मधे वेल्सची डॅफोडिलची फुलं. लाय-क्वानला ड्रॅगनचा मनस्वी वीट आला होता. दुकानाच्या काचेवर ड्रॅगन, मेनूवर ड्रॅगन, बसवर, झेंड्यावर, नगरपालिकेच्या कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा ड्रॅगन. इथल्या माणसाला चिनी माणसाशी काय बोलावं सुचलं नाही की तो ड्रॅगनवर येतो, आणि चिनी माणूस तरी दुसरं काय करतो? तोही हो म्हणतो.

कला खात्याकडून हे सगळं बघायला एलेरी बेव्हन नावाची बाई होती. तीन माणसांचं काम एकटीच्या गळ्यात पडलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण मनाने चांगली. तिने एका बैठकीत विचारलं, "मिसेस तांग, तुम्हाला स्वतःला भिंतीवर काय बघायला आवडेल?"

असला प्रश्न लाय-क्वानला या देशात कोणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "अर्धा भात, अर्धे चिप्स." सगळे हसले. तिने काही विनोद केला नव्हता. एका डब्यात अर्धा परतलेला भात, अर्धे बटाट्याचे चिप्स आणि वरून करीचा रस्सा, हे तिच्या माहेरी कोणी खात नाही आणि लंडनला मागितलं तर वेड्यासारखं बघतात. आमच्या खोऱ्यात मात्र बाळसं धरलेलं प्रत्येक पोर त्यावरच मोठं झालंय. देवाणघेवाण म्हणतात ती याहून वेगळी काय असते, असं तिला म्हणायचं होतं, पण एवढं लांबलचक बोलायची तिला सवय नव्हती.

तिसरा प्रस्ताव कुओ वेईरान नावाच्या मुलीचा होता. अठ्ठावीसची, चेंगडूची, कार्डिफला शिकून तिथेच राहिलेली. तिने ड्रॅगनचं नावही काढलं नव्हतं. मला एखाद्या दुकानात बसून बघायचंय, मग ठरवीन, एवढंच लिहिलं होतं. काम तिलाच मिळालं आणि ती लाय-क्वानच्या दुकानात येऊन बसायला लागली. गंमत अशी की या दोघी चिनी बायकांना एकमेकींची भाषा येत नव्हती. हिची हाँगकाँगच्या उत्तरेकडच्या खेड्यातली, तिची वेगळीच. म्हणून दोघी इंग्रजीत बोलायच्या, एक खोऱ्यातल्या कोळसेवाल्यांच्या सुरात आणि एक पुस्तकातल्या. मावशी, असं मात्र ती चिनीतच म्हणायची, आणि ते लाय-क्वानला बरं वाटायचं.

वेईरानचा जीव जडला तो ऑर्डरच्या चिठ्ठ्यांवर. लाय-क्वान चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव लिहीतच नाही. लिहून काय फायदा? कुमबेडूत अर्धं गाव डेव्हिस आणि अर्धं जोन्स. लोकच एकमेकांना डेव्हिस-पोस्ट, डेव्हिस-कोळसा, जोन्स-दूध म्हणतात. याउ-शिंगच्या गावातही एकूण एक घर तांगांचं, त्यामुळे तिथेही बदक-तांग, लंगडा-तांग असंच चालायचं. म्हणून लाय-क्वान चिठ्ठीवर एक खूण काढते. काठी म्हणजे पोस्टवाला म्हातारा, चष्मा म्हणजे शिंपीणबाई, दोन ठिपके म्हणजे जुळ्यांची आई. अशा चिठ्ठ्यांचे गठ्ठे पोटमाळ्यावर पडून होते. वेईरानने ते मांडीवर घेतले आणि मावशी, मला सापडलं, म्हणाली. काय सापडलं ते लाय-क्वानला कळलं नाही, पण पोरीचा चेहरा उजळलेला बघून तिने मान हलवली.

चिठ्ठ्यांवरच्या त्या खुणाच भिंतीवर हलत्या करायच्या, अशी चित्रं ठरली, आवाज राहिला. वेईरानला गाणं हवं होतं आणि ते समोर उभं राहून गायला माणूस हवा होता. लाय-क्वानची मुलगी नेरिस गाते हे तिला शेजारच्या मिसेस प्रॉसरनी सांगितलं. नेरिस एकतीस वर्षांची, कार्मार्थनला शाळेत गाणं शिकवते, वेल्श तिच्या जिभेवर नाचते. तिने लगेच होकार दिला. दहा वर्षांची असताना शाळेच्या आइस्टेथवॉडमध्ये, म्हणजे वेल्श गाण्या-कवितांच्या स्पर्धेत, जे गायलं होतं आणि ज्यावर जिल्ह्यात दुसरा नंबर आला होता, तेच गाईन म्हणाली.

नोव्हेंबरातल्या बैठकीत एलेरीने दिवस सांगितला. एक मार्च, सेंट डेव्हिड या वेल्सच्या संताचा दिवस, शुक्रवार, संध्याकाळी सात वाजता, टाउन हॉलच्या भिंतीवर. सगळ्यांना पसंत आहे ना, असं तिने एकेकाकडे बघून विचारलं. लाय-क्वानकडे बघितलं तेव्हा तिची मान हलून गेली होती.

शुक्रवार संध्याकाळी सात म्हणजे काय, ते आमच्या खोऱ्यातल्या कुठल्याही चिनी कुटुंबाला विचारा. कारखान्याचा पगार झालेला असतो, कोणाच्याच घरी चूल पेटत नाही, दाराबाहेर रांग असते. त्या वेळी वरून खालपर्यंतच्या अकरा गावांतले झाडून सगळे चिनी तळणीपुढे असतात. समितीला हे माहीत असायचं कारण नव्हतं. हे सांगायला ज्या एका बाईला तिथे बसवलं होतं, तिने मान हलवली होती.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. याउ-शिंग बटाटे सोलत होता. सुटीच्या दिवशीही बटाटे त्याला सोडत नाहीत.

"म्हणजे चिनी लोकांचा सोहळा," तो म्हणाला, "आणि बघायला डेव्हिस-पोस्ट आणि डेव्हिस-कोळसा. वा. आणि तू तिथे बसून काय करत होतीस?"

"मान हलवत होते."

"ती छानच हलते तुझी."

मग तिने नेरिसला फोन लावला. ही गोष्ट अवघड होती. नेरिसच्या त्या आइस्टेथवॉडला शनिवार होता आणि तिला मिसेस प्रॉसर घेऊन गेल्या होत्या. पुढे शाळेचे कार्यक्रम, चर्चमधली मैफल, कॉलेजचा शेवटचा जलसा, काहीही असो, शुक्रवार नाहीतर शनिवार. आईबापांनी पोरीला गाताना एकदाही ऐकलं नव्हतं. पोरीने तक्रार केली नाही. बक्षिसं घरी आणून टीव्हीवर ठेवायची आणि तांदूळ निवडायला बसायची. तिने एकदा जरी आदळआपट केली असती तर बरं झालं असतं, असं लाय-क्वानला कितीदा वाटून गेलं होतं.

"दिवस ठरला का, आई?" नेरिसने विचारलं.

"शुक्रवार. सातला."

 मग ती म्हणाली, "बरं. मी कोणाला तरी मोबाइलवर घ्यायला सांगीन. तुम्ही मंगळवारी बघा."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं. लाय-क्वान फोन हातात धरून टबातलं पाणी गार होईपर्यंत बसून राहिली. या खेपेला दिवस ठरवताना ती स्वतः टेबलाशी होती, हे काही केल्या तिच्या मनातून जाईना. आतापर्यंत दुकानाने पोरीचं गाणं बुडवलं होतं, यावेळी आईने बुडवलं.

पुढच्या मंगळवारी ती बैठकीआधी तासभर लायब्ररीत पोचली. बसमध्ये तिने वाक्य पाठ केलं होतं. एलेरी कॉम्प्युटरपुढे बसून सँडविच खात होती.

"शुक्रवार नको," लाय-क्वान म्हणाली. तेहेतीस वर्षांतलं हे तिचं पहिलं नको असावं, आणि ते म्हणताना तिला घाम फुटला.

एलेरीने सगळं नीट ऐकून घेतलं. मग ती एकेक सांगत गेली. प्रोजेक्टर ब्रिस्टलहून त्याच एका दिवसासाठी मिळतोय. रस्ता बंद करायची नोटीस निघाली. पत्रकं इंग्रजी आणि वेल्श दोन्ही भाषांत छापून आली. दिवस आता हलत नाही. शेवटी तिने अगदी हळू विचारलं, "मिसेस तांग, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

 एलेरीने सँडविच बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांनी डोळे चोळले. चिनी समाजाला विचारूनच सगळं करतोय, असं मी तीन महिने वरच्यांना लिहून पाठवतेय, म्हणाली. तिची मुलगी तापाने फणफणलेली, तिला शेजाऱ्यांकडे ठेवून ती इथे आली होती. दोन दमलेल्या बायका त्या गार खोलीत समोरासमोर बसल्या होत्या आणि कोणाला कोणावर रागावायचंही त्राण नव्हतं.

"मग भिंत बदला," लाय-क्वान म्हणाली.

तिच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, जुनं चॅपल, म्हणजे लहानसं चर्च, आहे. नऊ वर्षं बंद. त्याची चुना दिलेली बाजूची भिंत थेट दुकानाच्या काचेकडे तोंड करून उभी. टाउन हॉल सोडा आणि चित्रं तिथे पाडा, म्हणजे निदान काउंटरवरून दिसतील, ऐकू येतील, असं तिचं म्हणणं. एलेरीने सुस्कारा सोडला, कारण हेही काही सोपं नव्हतं. चॅपलच्या विश्वस्तांत तिघे जिवंत, त्यातला एक स्पेनला. पण तिने ते केलं. पत्रं लिहिली, भिंत मोजून घेतली, वेईरानला सगळी चित्रं नव्या मापाने परत करायला लावली, आणि ख्रिसमसची अर्धी सुटी त्यात घालवली. दुकान तासभर बंद ठेवू या का, असंही लाय-क्वानने नवऱ्याला विचारून पाहिलं. याउ-शिंग म्हणाला, "रस्त्यावर तीनशे माणसं येणार आणि आपण कुलूप लावायचं? भिंत आणलीस ना दारात. बघ काचेतून."

एक मार्च उजाडला. पाऊस नव्हता, हे त्यातल्या त्यात नशीब. साडेसहाला अंधार पडला आणि रस्ता माणसांनी भरला. आणि थंडीत उभ्या राहिलेल्या तीनशे माणसांना समोर चिप्सचं दुकान दिसल्यावर जे होतं ते झालं. सगळे आधी आत आले. रांग दारातून बाहेर, बाहेरून वळून खाली. जे आत होते ते खाऊन झाल्यावरही काचेला पाठ लावून उभे राहिले, कारण आत ऊब होती आणि तिथून भिंत छान दिसत होती. त्यांना दिसत होती. लाय-क्वानला दिसत होत्या कोटांच्या पाठी आणि लोकरीच्या टोप्या. एवढी खटपट करून भिंत दारात आणली आणि मधे अख्खं गाव येऊन उभं राहिलं. कोणावर चिडायचं? सगळी तिचीच गिऱ्हाइकं.

टोप्यांच्या कडा एकदम निळ्या झाल्या, मग लाल. बाहेर लोकांनी आवाज केला. मिसेस प्रॉसर रांगेत होत्या, त्या काउंटरवर वाकून म्हणाल्या, "सुरू झालं, मिसेस तांग. नेरिस आली पायऱ्यांवर."

लाय-क्वानने कान दिले. काहीही ऐकू येईना. तळणीवरचा धूर ओढणारा पंखा घोंगावत होता. हा पंखा तिने दिवसाचे आठ तास इतकी वर्षं ऐकला होता, इतका की तो चालू आहे हे तिला कळेनासंच झालं होतं. तो बंद करायचा तर खालचा गॅस बंद करावा लागतो, आणि गॅस बंद म्हणजे दुकान बंद. आत याउ-शिंगच्या डोक्यावर एकोणतीस चिठ्ठ्या टांगलेल्या. समोर एक जाडा गृहस्थ करीचा रस्सा वेगळा द्या म्हणत होता. तिची मान हलायला लागलीच होती.

"नाही," ती म्हणाली. "आता दहा मिनिटं काही मिळणार नाही."

ती आत गेली, गॅसची मोठी चावी फिरवली आणि पंख्याचं बटण बंद केलं. याउ-शिंग हातात झारा घेऊन तिच्याकडे बघत राहिला. डोकं फिरलं का तुझं, असं तो म्हणणार होता बहुतेक. पण पंखा थांबला आणि त्या शांततेत बाहेरचा आवाज भिंतीतून आल्यासारखा आत आला. पोरीचा आवाज. त्याने झारा खाली ठेवला.

"तेल तापलंय, सोडून येता यायचं नाही," तो म्हणाला. "मी दारात थांबतो. तू जा."

लाय-क्वान अॅप्रनसकट बाहेर पडली. लोकांनी वाट दिली. ती रस्ता ओलांडून चॅपलच्या पायऱ्यांपर्यंत गेली आणि मुलीपासून चार हातांवर उभी राहिली. नेरिस काळ्या कोटात, डोळे समोर, अगदी सहज गात होती. इतका मोठा आवाज त्या बारक्या पोरीत कुठे राहत होता इतकी वर्षं, लाय-क्वानला कळेना. शब्द वेल्श, त्यातला एक समजत नव्हता. 

मग नेरिसने तिला पाहिलं.

शाळेत, चर्चमध्ये, हजारभर परक्या माणसांपुढे जी कधी अडखळली नव्हती, ती अडखळली. एक ओळ अर्धी राहिली. तिने परत सुरुवात केली, तर शब्द आलाच नाही. आईकडे बघत ती तशीच उभी, तोंड उघडं, आवाज नाही. आईसमोर गायचं कसं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

पण इथल्या माणसांना अर्धवट राहिलेलं गाणं सहन होत नाही. मागून कोणा म्हाताऱ्याने पुढची ओळ उचलली, मिसेस प्रॉसरनी दुकानाच्या दारातून त्यात सूर मिसळला, आणि बघता बघता अख्खा रस्ता गायला लागला, हातात चिप्स धरून. शेवटच्या कडव्याला नेरिस परत आली, रडत, पण आली. टाळ्या पडल्या. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

एलेरी गर्दीतून वाट काढत आली. नाक लाल, अंगावर दोन कोट. भिंत कशी वाटली मिसेस तांग, तिने विचारलं. लाय-क्वानने मान हलवली, सुंदर म्हणाली. पंधरा मंगळवार, तीन प्रस्ताव, चॅपलचे तीन विश्वस्त, आणि तिने भिंतीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मागे वळून बघते तो प्रोजेक्टर विझला होता आणि माणसं तारा गुंडाळत होती.

ती दुकानात परतली. गॅस लागला होता, पंखा घोंगावत होता, जाडा गृहस्थ आपल्या रश्श्याची अजून वाट बघत होता. थोड्या वेळाने नेरिस मागच्या दाराने आत आली आणि बटाट्यांच्या पोत्यावर बसली. डोळे सुजलेले.

"एवढ्या वर्षांत एकदा चुकले नाही," ती म्हणाली. "आणि आजच सगळं बिघडवलं. कधी गात नाही मी इतकं वाईट."

याउ-शिंगने झारा तेलातून काढला, निथळू दिला आणि चिप्स कागदावर ओतले. लाय-क्वानला वाटलं, हा नेहमीसारखा गप्पच राहणार. पण तो बोलला, मुलीकडे न बघता.

"बिघडलं का? आम्हाला कसं कळणार ते? आम्ही आज पहिल्यांदा ऐकलं."